वेचणीचं मुख्य काम

यंत्राने चार सेकंदांत निकाल दिला होता आणि संपदा मुसळेला तो मान्य नव्हता. म्हणून ते प्रकरण ऋतुजा घरतच्या टेबलावर आलं.

२०४१ साली बंदरावरच्या सीमाशुल्क कार्यालयात वस्तूंना नावं देण्याचं काम माणसांकडे फारसं उरलं नव्हतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला शुल्काच्या सूचीत एक ठरलेली जागा असते. जागा बदलली की शुल्क बदलतं. ही जागा शोधून द्यायला आता ‘वर्गक’ नावाची संगणकप्रणाली होती. जहाज धक्क्याला लागण्याआधीच ती कागदपत्रं वाचायची, कंटेनरची क्ष-किरण चित्रं पाहायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुणाची तक्रार नसे. उरलेली एक वेळ म्हणजे सहायक आयुक्त ऋतुजाची नोकरी.

संपदा तिशीची, इचलकरंजीची. रात्रभर बसने आली होती आणि तरीही तिच्या साडीची इस्त्री मोडली नव्हती. तिने टेबलावर एक डबी उघडली. आत पावट्याच्या दाण्याएवढ्या दोन राखाडी वस्तू होत्या.

“हिचं नाव वेचणी. डिझाइन आमचं, बनते तैवानमध्ये. तुमच्या वर्गकानं हिला हेडफोन म्हटलंय.”

“कानात घालतात, आतून आवाज येतो,” ऋतुजा म्हणाली. “मग हेडफोनच की.”

“एकदा घालून बघा ना, मॅडम.”

नमुना तपासणं कामातच मोडत होतं. ऋतुजाने दोन्ही दाणे कानात बसवले. खिडकीबाहेर मागे येणाऱ्या ट्रेलरचे भोंगे वाजत होते, एसी घरघरत होता, पलीकडच्या टेबलावर दोघांचा क्रिकेटवरून वाद रंगला होता. संपदाने फोनवर काहीतरी दाबलं आणि हे सगळं निघून गेलं. भर दुपारच्या रिकाम्या देवळात बसावं तशी शांतता झाली. त्या शांततेत संपदाचा आवाज मात्र अगदी जवळ, स्वच्छ होता.

“आता फक्त मी ऐकू येतेय. बरोबर?”

ऋतुजाने मान हलवली. तेवढ्यात दार उघडून उपायुक्त टिकेकर आत आले. ते तिचे वरिष्ठ. त्यांनी डबी उचलली, खाली ठेवली, हातवारे केले, मिनिटभर बोलले. त्यांचे ओठ हलत होते, मिशी हलत होती आणि ऋतुजाला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. सवयीने ती ‘हो सर’ म्हणाली. टिकेकर समाधानाने निघून गेले.

“काय म्हणाले ते?” तिने दाणे काढत विचारलं.

“म्हणाले, सरळ हेडफोन आहे, वेळ घालवू नकोस, आजच आदेश काढ,” संपदा पडलेल्या आवाजात म्हणाली. “आणि तुम्ही हो म्हणालात.”

ऋतुजाला हसू आवरेना. “मी ऐकलंच नाही, तर ‘हो’ला अर्थ काय? बसा. हे काम कसं करतं ते सांगा.”

संपदाने सांगितलं ते असं. आपल्या कानापर्यंत वेगवेगळे आवाज वेगवेगळे येत नाहीत. एसी, भोंगा, माणूस या सगळ्यांची मिळून हवेची एकच लाट पडद्यावर आदळते. ती सोडवायचं काम पुढे आतल्या कानात आणि मेंदूत होतं. वेचणी तेच काम बाहेर करते. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफा असतात. वर एखादा स्वर छेडला की खालची त्या स्वराला जुळलेली तार तेवढी आपोआप झंकारते. वेचणीत सिलिकॉनच्या अशा बारा हजार तारा होत्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येकीचा स्वर वेगळा. ज्या तारा एकाच क्षणी थरथरायला लागतात, एकत्र चढतात आणि एकत्र थांबतात, त्यांचा आवाज एकाच ठिकाणाहून आलेला असतो. वेचणी अशा तारांची एकेक जुडी बांधायची. ही जुडी संपदाची, ही भोंग्याची, ही टिकेकरांची. मग हवी ती जुडी कानात सोडायची, नको ती अडवायची. हे सगळं सेकंदाच्या अडीचशेव्या भागात. फार उशीर झाला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

“म्हणजे ही विजेवर चालणारी गाळणी झाली,” ऋतुजा म्हणाली. “सिग्नल फिल्टर. त्याला वेगळी जागा आहे.”

“नाही मॅडम. हे श्रवणयंत्र आहे.”

हेडफोनला वीस टक्के, फिल्टरला दहा, श्रवणयंत्राला शून्य. ऋतुजाने पेन टेबलावर ठेवलं.

“श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. तुमचं यंत्र एकही आवाज मोठा करत नाही, नुसतं कमी करतं. बहिरेपणाची उणीव ते भरून काढतं, हे मला कसं पटावं?”

“आमच्या गावी या,” संपदा म्हणाली. “माझे आईवडील यंत्रमागावर काम करतात. मी कागदावर सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. मलासुद्धा कागदावर पटलं नसतं.”

नियमात एक वाक्य होतं. एकापेक्षा जास्त कामं करणाऱ्या यंत्राचं नाव त्याच्या मुख्य कामावरून ठरवावं. मुख्य काम कोणतं, हे जागेवर जाऊन पाहायला कुणाची आडकाठी नव्हती. फक्त गेल्या दहा वर्षांत कुणी गेलं नव्हतं. ऋतुजाने दौऱ्याचा अर्ज भरला. टिकेकरांनी सही करताना भुवया उंचावल्या, पण सही केली.

खरं तर तिच्या घरीही असंच एक यंत्र होतं आणि ते तिने दौऱ्याच्या अर्जातच नमूद केलं होतं. तिचा नवरा निशांत बंदरावरच्या क्रेन चालवायचा, पण घरातल्या खोलीत पडद्यासमोर बसून. समोर नवी इमारत उठत होती आणि दिवसभर ड्रिलचा आवाज चाले. त्याच्या बहिणीने सिंगापूरहून दुसऱ्या कंपनीचे असे दाणे पाठवले होते. ते इतके हलके होते की निशांत ते काढायचंच विसरे.

सोमवारी संध्याकाळी ऋतुजा कणीक मळता मळता म्हणाली, “मी बुधवारी इचलकरंजीला चाललेय. गुरुवारी रात्री येईन.” निशांत ताटं मांडत होता, काही बोलला नाही. मंगळवारी तिने पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली, भांडी घासून टाकली, तिच्यासाठी न सांगता कॉफी केली. नवरा इतक्या सहजपणे आपल्या कामाला साथ देतोय, याचं तिला बरं वाटलं.

*

मुसळ्यांच्या कारखान्यात आठ माग होते. शहरात बाकी सगळीकडे नवे माग आले होते. हे जुने, सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्याचे. दारातून आत पाऊल टाकताच ऋतुजाला छातीवर कुणीतरी थापा मारतंय असं वाटलं. आवाज कानांना नुसता ऐकू येत नव्हता, दातांपर्यंत जाणवत होता.

आत संपदाचे वडील शिवानंद आणि आई महानंदा काम करत होते. दोघंही साठीच्या आसपासचे. ते बोलत नव्हते, पण सारखं काहीतरी सांगत होते. महानंदाने दोन बोटं कात्रीसारखी हलवली की शिवानंद तिसऱ्या मागाकडे जाऊन तुटलेली सुताची तार बांधे. त्याने मनगटावर थोपटलं की ती घड्याळाकडे बघून हाताचा पंजा दाखवी. एकदा तिने गालावर बोट ठेवून ऋतुजाकडे डोळ्यांनी खूण केली आणि तो हसला. आपल्याबद्दल काहीतरी बोलणं झालं, एवढं ऋतुजाला कळलं.

जेवणाच्या सुटीत माग थांबले. महानंदाने भाकरी वाढली.

“मगाशी माझ्याबद्दल काय म्हणालात?” ऋतुजाने विचारलं.

“बाई साहेब असून गालावर खळी पडतीया म्हटलं,” महानंदा म्हणाली. “वंगाळ काय न्हाई.”

“काय म्हंत्यात?” शिवानंद ओरडला. रागाने नाही, त्याचा आवाजच तेवढा होता. गेली पंधरा वर्षं तो घरीदारी असाच ओरडून बोलायचा.

“खळी! खळी!” महानंदा त्याच्या कानाशी ओरडली. त्याला ‘गल्ली’ ऐकू आलं आणि तो ऋतुजाला गल्लीचा रस्ता समजावू लागला.

“संपदा म्हणाली, तुम्हाला सरकारी दवाखान्यातून श्रवणयंत्र मिळालं होतं?” ऋतुजाने मोठ्याने, ओठ सावकाश हलवत विचारलं. हा प्रश्न त्याला समजला.

“मिळालंय की. पेटीत हाय. ते घातलं की समदंच मोठं हुतंय. भांडी मोठी, कुत्री मोठी, ही बी मोठी. आवाज येतोय हो मला. आवाज येत न्हाई असं न्हाई. शब्द येत न्हाई.” तो उठला आणि बंद मागाजवळ जाऊन त्याने पोलादी फणीवर बोट ठेवलं. ताण्याच्या हजारो तारा त्या फणीच्या दातांतून एकेक करून वेगळ्या निघत होत्या. “ही फणी हाय म्हणून तार तारंला लागत न्हाई. हिचं दात मोडलं तर? मागं कितीबी सूत लावा, जाडं लावा, बारीक लावा, पुढं गुताच येणार. माझ्या कानाची फणी मोडलीया. डॉक्टर म्हंतोय जास्त सूत लाव.”

ऋतुजाने वहीत ‘फणी’ असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. निशांत होता.

“अगं, तू कुठे आहेस? काल रात्री म्हटलं झोपली असशील दुसऱ्या खोलीत. आता ऑफिसात फोन केला, तर म्हणे मॅडम दौऱ्यावर!”

“मी तुला दोनदा सांगितलं. तू मान हलवलीस.”

पलीकडून खोल गेलेला आवाज. “थांब. अरे देवा.”

“काय झालं?”

“सोमवारी मोठं जहाज होतं. तू फोनवर बोलत होतीस, म्हणून दोन तासांसाठी तुझा आवाज बंद केला होता. परत चालू करायचा राहिला. आत्ता ते दाणे चार्जिंगला लावले, तेव्हा... म्हणजे तू बोलत होतीस?”

“मग तुला काय वाटलं?”

“मला वाटलं तू रागावून गप्प आहेस. ओठ हलताना दिसायचे. म्हटलं पुटपुटतेय. म्हणून मी जपून वागत होतो. भांडीबिंडी घासत होतो.”

ऋतुजाने फोन ठेवला. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दोन दिवस ती ज्याला साथ समजत होती, ती भीती होती. आणि त्याला जो राग वाटला, तो तिने कधी धरलाच नव्हता. इतक्या लहानशा यंत्राने एका घरात बसलेल्या दोन माणसांना एकमेकांपासून पुसून टाकलं होतं. भिंतीला टेकून तिने मनातल्या मनात आदेशाची पहिली ओळ लिहूनही टाकली: सदर वस्तूचं मुख्य काम आवाज बंद करणं हे आहे.

संपदाने हाक मारली. माग सुरू होणार होते.

संपदाने आदल्या दिवशी डॉक्टरांकडून दोघांच्या कानांचे अहवाल आणले होते. तिने ते आपल्या संगणकातून दाण्यांत भरले आणि एकेक जोडी दोघांना घालायला दिली. कोणत्या कानात कोणत्या स्वरांच्या पट्ट्यात आवाज वेगळे होत नाहीत, हे त्या अहवालात होतं; वेचणी नेमक्या त्याच पट्ट्यात जुड्या बांधून देणार होती. बाकी ठिकाणी ती माणसाच्या कानाला त्याचं काम करू देई.

आठही माग सुरू झाले. ऋतुजाच्या कानांतही एक जोडी होती, तीन माणसांचे आवाज सोडणारी. छातीवरच्या थापा तशाच राहिल्या, पण आवाज गेला.

शिवानंद तिसऱ्या मागाजवळ, धोट्यातल्या सुताच्या कांडीकडे बघत उभा होता. तो म्हणाला, “हिकडची कांडी संपत आलीया.”

त्याने ते नेहमीसारखं ओरडून म्हटलं आणि स्वतःच दचकला. स्वतःचा आवाज त्याच्या कानांत आदळला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. “कोण वरडायलंय?”

“तुम्हीच,” महानंदा म्हणाली.

त्याने तोंडावर हात ठेवला. मग पुन्हा बोलला, या वेळी हळू. अगदी हळू, अंदाज घेत, जिना उतरताना पायरी चाचपावी तसा. “कांडी संपत आलीया म्हटलं. ऐकू येतंय का?”

महानंदाचा हात मागावर तसाच राहिला.

“ऐकू येत न्हाई व्हय?” तो पुन्हा तसंच हळू म्हणाला.

“येतंय,” ती म्हणाली. “बोला. आणिक काय तरी बोला.”

“काय बोलू?”

“काय बी बोला. हा आवाज आमच्या घरातनं गेल्याला पंधरा वर्सं झाली. मला वाटलं, वय झालं की मानसाचा आवाज असाच हुतोय.” तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच दुसऱ्या हाताने कांडी बदलली, कारण माग थांबत नव्हता.

मग ते बोलायला लागले. कांडीबद्दल, भाच्याच्या लग्नाबद्दल, शेजारच्याने गटारावर टाकलेल्या फरशीबद्दल. शिवानंदला जावयाचं नाव इतके दिवस ‘प्रणव’ वाटत होतं, ते ‘प्रणय’ आहे हे त्याला कळलं आणि तो इतका हसला की त्याला बसावं लागलं. “आनि त्या पोरानं एकदा बी सांगितलं न्हाई!”

“सांगितलं की हो, धा वेळा,” महानंदा म्हणाली.

अर्धा तास असा गेला. अचानक महानंदाने पाचव्या मागाकडे पाहिलं, धावत जाऊन तो बंद केला आणि कानांतले दाणे उपटून संपदाच्या हातात दिले. कापडावर हातभर लांब, जाळीसारखी खराबी पडली होती. पस्तीस वर्षांत तिच्या मागावर असं झालं नव्हतं.

“तार तुटायच्या आदी ह्यो माग कुरकुरतोय. मी बघत न्हाई, ऐकते. तुझ्या यंत्रानं मला मानसं दिली आनि माग काढून घेतला. माग म्हंजे केर हाय व्हय?”

संपदा गोरीमोरी झाली. तिने मागाच्या आवाजाला केरच धरलं होतं. इंजिनियर म्हणून तिने जी पहिली ओळ लिहिली होती ती हीच: गोंगाट काढून टाका.

“आई, तू शिकव वेचणीला. इथलं बटण दाबून धर आणि मागाजवळ उभी राहा.”

महानंदाने दाणे पुन्हा घातले. पाचव्या मागाजवळ ती दोन मिनिटं उभी राहिली, मग सहाव्या, मग सातव्या. प्रत्येक मागाची जुडी वेगळी बांधली गेली. शेवटी तिने डोळे मिटले आणि बोटांनी मोजत म्हणाली, “ह्यो दोन नंबर. ह्यो चार. आनि चारचं बेरिंग गेलंय, आठवड्यात बसतंय बघा.” शिवानंदने जाऊन चार नंबरच्या बेरिंगला हात लावला आणि लगेच काढून घेतला. बेरिंग तापलं होतं.

ऋतुजा हे सगळं पाहत होती. भिंतीशी उभं राहून रचलेली ओळ आता तिला लिहिता येणार नव्हती. या बाईला शांतता नकोच होती. तिला सगळं हवं होतं, फक्त वेगवेगळं.

निघताना तिने संपदाला विचारलं, “कागदपत्रांत दोन मॉडेल आहेत. एक वेचणी, दुसरं ‘वेचणी शांत’. ते काय आहे?”

संपदाने नजर चुकवली. मग सरळ पाहिलं. “त्यात कानाचा अहवाल भरता येत नाही. शिकवताही येत नाही. नको तो आवाज बंद, एवढंच. शहरातले लोक घेतील. त्यांना विकलं की मागवाल्यांना कमी किमतीत देता येईल, असा विचार होता.”

“मला तेही लिहावं लागेल.”

“माहीत आहे,” संपदा म्हणाली. “तुम्ही विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं, हेही खरंच आहे.”

*

घरी निशांत दारातच उभा होता, दाण्यांची डबी हातात घेऊन. “कचऱ्यात टाकू?”

“टाकू नको. ते ड्रिल ऐकत तुला काम करता येणार नाही.” तिने बॅग खाली ठेवली. “पण माझा आवाज बंद करायचा असेल, तेव्हा मला सांगून कर. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बोलेन. आणि परत चालू केलास की तेही सांग.”

“आणि तू रागावलीस तर?”

“तर तुला ऐकू येईल.”

तो हसला, तीही हसली. मग तिने सोमवारपासूनचं सगळं त्याला पहिल्यापासून सांगितलं. जेवण गार झालं तरी सांगत होती.

पुढचे पाच दिवस ऋतुजाने आदेश लिहिला. एकतीस पानं झाली. त्यातला गाभा थोडक्यात असा होता: मागाच्या किंवा इंजिनाच्या सततच्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणात आवाज पोचण्याची ताकद जेवढी जाते, त्याहून अधिक आवाज वेगवेगळे करण्याची ताकद जाते. निरोगी आतला कान हा स्वतःच एक फिल्टर आहे. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी मोडल्या की तो फिल्टर मोडतो. जे यंत्र रुग्णाच्या तपासणी-अहवालावरून नेमकी मोडलेली जागा भरून काढतं, ते सिग्नल गाळतं म्हणून श्रवणयंत्र ठरत नाही असं म्हणणं म्हणजे कुबडी लाकडाची आहे म्हणून तिला फर्निचर म्हणणं. सबब ‘वेचणी’ हे श्रवणयंत्र. ‘वेचणी शांत’ मात्र कुठलीही उणीव भरून काढत नाही. ती हेडफोनच्या जागीच राहील, पूर्ण शुल्कासह.

टिकेकरांनी सगळी पानं वाचली. “कुबडीचं वाक्य छान आहे. तरी मी याविरुद्ध अपील करायला सांगणार. हे दार उघडलं तर उद्या जो तो कानाचा अहवाल घेऊन येईल.”

“करा सर. तुम्हाला तसं वाटतं, तर करायलाच हवं.”

“त्या दिवशी हो म्हणाली होतीस,” ते म्हणाले.

“त्या दिवशी मला तुम्ही ऐकू येत नव्हतात,” ऋतुजा म्हणाली आणि तिने त्यांना खरं काय ते सांगितलं. टिकेकर क्षणभर गंभीर राहिले. मग त्यांची मिशी हलायला लागली.

संपदाने ‘वेचणी शांत’चे तीनशे जोड शुल्क भरून सोडवले नाहीत, तैवानला परत पाठवले. त्यांत अहवाल भरायची सोय बसवून द्या, असं तिने कारखान्याला कळवलं. पहिल्या मॉडेलचे दोनशे जोड इचलकरंजीला गेले आणि आठवड्यात संपले.

अपिलाची सुनावणी सप्टेंबरात लागली, आयुक्त वसुंधरा राजाध्यक्ष यांच्यासमोर. सुनावणीच्या खोलीत सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि त्यांचा मोठा लौकिक होता. त्या वकिलांना कधी मध्येच तोडत नसत. शांतपणे बघत राहत, शेवटी ‘लेखी द्या’ म्हणत आणि लेखी वाचून निकाल देत. निकाल नेहमी बिनचूक असे. ऋतुजा आणि संपदा मागच्या बाकावर बसल्या होत्या. खोलीतला जुना पंखा कटकट वाजत होता, बाहेर रस्त्याचं काम चालू होतं.

सरकारी वकिलांनी पाऊण तास युक्तिवाद केला. त्यांचं म्हणणं संपल्यावर बाई म्हणाल्या, “नमुना बघू.”

संपदाने डबी पुढे नेली. “बाई, अहवालाशिवाय हे अचूक बसणार नाही. पण वयाप्रमाणे साधारण जमवून देता येईल.”

राजाध्यक्षबाईंनी चष्मा काढला, दाणे कानात घातले, चष्मा पुन्हा लावला. संपदाने फोनवर दोन-तीनदा बोट फिरवलं. बाईंनी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग सरकारी वकिलांकडे वळून म्हणाल्या, “तुमचा तिसरा मुद्दा पुन्हा सांगा.”

वकिलांनी सांगितला.

“हा तुम्ही मगाशी मांडला होता?”

“हो, बाई. दोनदा.”

“असं होय.” मागच्या बाकाच्याही मागे, दाराशी दोन कारकून दबक्या आवाजात बोलत होते. बाईंनी मान वर केली. “तिथे कोण म्हणालं, म्हातारी आज लवकर सोडत नाही?”

दाराशी एक फाईल खाली पडली.

राजाध्यक्षबाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अकरा वर्षं त्या ओठ आणि कागद वाचून न्यायासनावर बसल्या होत्या आणि हे त्यांच्या घरी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी दाणे काढून नीट डबीत ठेवले आणि लघुलेखिकेकडे वळून सांगितलं, “लिहून घ्या. प्रस्तुत वस्तूविषयी आता माझं वैयक्तिक हित निर्माण झालं आहे. सबब मला हे प्रकरण ऐकता येणार नाही. ते दुसऱ्या आयुक्तांकडे वर्ग करावं.”

मग त्या संपदाला म्हणाल्या, “कानाची तपासणी कुठे करून घ्यायची, तेवढं मला कागदावर लिहून द्या.”

दुसऱ्या आयुक्तांनी दीड महिन्यात ऋतुजाचा आदेश कायम केला, दोन्ही मॉडेलांबाबत. ती बातमी टिकेकरांनीच स्वतः येऊन ऋतुजाला दिली. येताना पेढे आणले होते. त्यांच्याकडे आणखी एक बातमी होती. त्या आठवड्यात राजाध्यक्षबाईंनी सरकारी वकिलांना एका सुनावणीत अकरा वेळा मध्येच तोडलं होतं आणि आता त्यांच्यासमोर उभं राहायचं असलं की वकील आदल्या दिवशी फाईल वाचून येत होते.